सदलग्यांची सात मिनिटं

ज्या रविवारी सदलगे वादात जिंकले, त्या रविवारी मंडळात आम्ही बावीस जण होतो. बोलणारे दोघं आणि घंटी धरणारी मी, अशा तिघांना मत नव्हतं. उरलेल्या एकोणीस जणांपैकी अकरा जणांनी सदलग्यांच्या बाजूने हात वर केले, आठ जणांनी माने अण्णांच्या. सव्वीस दिवसांनी माने अण्णा मंडळासमोरच्या गटारात पडले. त्यानंतर नवव्या दिवशी ते वारले.

सदलगे गेल्यालाही आता सहा महिने होत आले. त्यांच्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं होतं. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. लोक बोलत असताना गप्प राहायची मला सवय आहे. त्या दिवशीही मी गप्प राहिले. बाकीचे बोलले. सदलगे किती उमदे, किती हजरजबाबी, हे सगळ्यांनी सांगितलं आणि ते खरंच होतं. जे कुणी सांगितलं नाही ते मी आता सावकाश लिहिते आहे.

आमचं मराठी मंडळ बेंगळुरात, राजाजीनगरातल्या एका शिंप्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आहे. मंडळ म्हणजे एक खोली, तीस खुर्च्या, पुस्तकांची दोन कपाटं आणि वर्तमानपत्रांचं एक टेबल. सदलग्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते या खोलीत, स्टुलावर चढलेलं. छताच्या पंख्याचा नट ते पान्याने आवळत होते. त्यांना मंडळात कुणी ओळखत नव्हतं. माने अण्णांनी खालून विचारलं, "पंखा दुरुस्त करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पंख्यानंच सांगितलं की. हलालाय बघा कसा."

"मंडळात असं चालत नाही. आधी अर्ज द्यायचा, मग समितीत येतं."

सदलगे खाली उतरले, खिशातल्या सुताच्या गुंड्याने हात पुसले आणि म्हणाले, "अर्ज पास झाला असता तोवर पंखा अध्यक्षांच्या डोसक्यात आला असता. अध्यक्ष कोण?"

अध्यक्ष माने अण्णाच होते. दोघांची मैत्री तिथे सुरू झाली.

सदलगे चिकोडीकडचे. आयटीआय करून बेंगळुरात आले, दुसऱ्यांच्या यंत्रांवर पंधरा वर्षं राबले आणि मग पीण्याच्या कारखानदारी वसाहतीत स्वतःची शेड टाकली. तीन लेथ, एक ड्रिलिंगचं यंत्र, पाच माणसं. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंचांची स्टीलची पट्टी असायची. ती ते कशालाही लावत. मंडळात वडे आले की वड्याची जाडी मोजत. मी वाचत असलेलं पुस्तक उचलून त्याची जाडी मोजत आणि म्हणत, "बावीस एमएम. लायब्ररी, एवढं वाचून माणूस किती एमएम शहाणा होतोय?" ते मला नावाने कधी हाक मारत नसत. लायब्ररी म्हणत. रागावलेले असले की बाई म्हणत.

सरकारबद्दल त्यांचं मत पक्कं होतं आणि ते कुणालाही, न विचारता ऐकवत. "सरकार म्हणजे लग्नातला रुसका पाहुणा. त्याला मान द्यायचा, पुढं बसवायचं. काम सांगायचं न्हाई. आपली भांडी आपण उचलायची." पीण्यात त्यांच्या शेडकडे जाणारा रस्ता खड्ड्यांनी भरलेला होता. आजूबाजूच्या शेडवाल्यांनी मिळून तक्रारी केल्या. सदलग्यांनी एका रविवारी सिमेंट आणलं, त्यात लेथवरचा लोखंडाचा कीस मिसळला आणि सगळे खड्डे स्वतः भरून काढले. आठवडाभर ते मंडळात छाती काढून हिंडत होते. मग पहिला पाऊस झाला, वरचं सिमेंट गेलं आणि खालचा कीस वर आला. दोन दिवसांत कितीतरी टायर फुटले. त्यांतला एक त्यांच्याच स्कूटरचा होता.

माने अण्णांनी ही गोष्ट पुढे कधी विसरू दिली नाही. "सदलगे, तुमचं स्वावलंबन स्वल्प टोचतं हं," एवढंच म्हणायचे आणि वर्तमानपत्र पुढे धरून हसायचे.

अण्णांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सदलगे त्यांच्याशिवाय पुरते कळत नाहीत. अण्णांचं घराणं बेंगळुरात इतकं जुनं की तुम्ही मूळचे कुठले असं विचारलं तर ते चिकपेटची गल्ली सांगत. मराठी बोलायचे ती निम्मी कन्नडात भिजलेली. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि मोठे कारकून म्हणून निवृत्त झाले. कन्नडात अर्ज लिहावा तर अण्णांनीच. ओळी अशा सरळ की खाली पट्टी धरली आहे असं वाटावं. सरकार म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "आपणच. स्वल्प शिस्तीत बसलेलो." त्यांची मुलं सरकारी शाळेत शिकली, औषध सरकारी दवाखान्यातलं, आणि प्रवास शहर बसने. जे सगळ्यांसाठी आहे ते आपण वापरलं नाही तर ते सुधारणार कसं, असं त्यांचं म्हणणं.

एकदा सदलगे स्कूटरवरून चालले होते आणि अण्णा थांब्यावर उभे होते. "बसा अण्णा, सोडतो." अण्णा म्हणाले, "बस येणार आहे." सदलग्यांनी स्कूटर बंद केली, स्टँडवर लावली आणि शेजारी उभे राहिले. बस येते का ते बघायला. दोघं तासभर उभे होते. शेवटी बस आली. अण्णा चढले, खिडकीपाशी बसले आणि बाहेर उभ्या सदलग्यांना त्यांनी हात केला. सदलगे पीण्याला पोचले तेव्हा त्यांचं एक गिऱ्हाईक वाट बघून परत गेलं होतं. ही गोष्ट मला सदलग्यांनीच सांगितली. "गिऱ्हाईक गेलं ते जाऊ दे. पण बस आली बघा. मला वाटलं न्हवतं."

मंडळातला रविवारचा वाद ही अण्णांची कल्पना. फार वर्षांपूर्वी निवडणुकीच्या दिवसांत दोन सभासद राजकारणावरून भांडले आणि त्यांच्या घरच्या माणसांनी एकमेकांकडे जाणं सोडलं. अण्णांनी तेव्हा नियम केला की राजकारणावर बोलायचं ते रविवारी, आणि बाजू चिठ्ठीने ठरायची. कॉफी पावडरच्या एका जुन्या डब्यात दोन चिठ्ठ्या टाकायच्या. जी निघेल त्या बाजूने सात मिनिटं बोलायचं, मग ती तुमची असो वा नसो. सात मिनिटांनी घंटी. नंतर हात वर करून मतं. अण्णांचं म्हणणं असं की माणसाला अधूनमधून स्वतःच्या मताविरुद्ध बोलायला लावलं की तो दुसऱ्याच्या घरी भांडायला जात नाही. घंटी माझ्याकडे आली, कारण मी बोलत नाही आणि माझं घड्याळ बरोबर असतं.

दुसराही एक नियम होता. मंडळाच्या नावाने जे काही करायचं, ते आधी याच वादातून जायला हवं. खुर्च्या घ्यायच्या की नाहीत, गणपती किती दिवस बसवायचा, सगळं. जो निकाल लागेल तो ठराव. हा नियमही अण्णांचाच.

अण्णांनी हा खेळ माणसं मवाळ व्हावीत म्हणून काढला होता. सदलगे त्यात धारदार होत गेले. चिठ्ठीत त्यांची स्वतःची बाजू निघाली तर त्यांचं तोंड उतरे. विरुद्ध बाजू निघाली की डोळे चमकत. "आपल्या बाजूनं कुणीबी बोलतंय," ते म्हणत. "दुसऱ्याच्या बाजूनं बोलून जिंकला तर मानू."

बायकांना बसप्रवास मोफत असावा का, या विषयावरचा वाद मी विसरणार नाही. सदलग्यांचं खरं मत मला ठाऊक होतं. आठवडाभर ते त्या फुकट तिकिटांवर जळजळीत बोलत होते. चिठ्ठी निघाली ती 'असावा'. ते उठले आणि त्यांनी शेडमध्ये कामाला येणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगितली. शहराबाहेरून येणारी, दोन बस बदलणारी. तिकिटाचा खर्च वाचायला लागल्यापासून तिने तीन महिन्यांत मुलीला चष्मा घेतला. आणि चष्मा लावून त्या मुलीने पहिल्यांदा काय बघितलं, तर आईच्या हाताच्या भेगा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे हात वर झाले.

जिना उतरताना मी विचारलं, "काका, त्या बाईचं नाव काय?"

"कुठली बाई? आमच्या शेडमध्ये बाईच न्हाई कामाला."

अण्णा मागून येत होते. ते थांबले. "पण तुम्ही बोललात ते खरं होतं, अल्लवा? होतं ना?"

"असंल. मी कुठं बघितलंय?" सदलगे म्हणाले आणि स्कूटरला किक मारून गेले. अण्णा जिन्याच्या कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले. मला तेव्हा फक्त गंमत वाटली होती.

मंडळाच्या दारासमोर पदपथ आहे आणि पदपथाखाली गटार. वर दगडी फरश्या टाकलेल्या. कुणीतरी केबल टाकायला एक फरशी उचलली, ती तुटली, आणि तिथे भोक राहिलं. लांबी-रुंदी सदलग्यांनी पट्टीने मोजली होती. बसलेला माणूस आत मावेल एवढं. शिंप्याने त्यात झाडाची एक फांदी उभी करून ठेवली. या शहरात रस्त्यात फांदी उभी दिसली की भोक आहे हे कुणाला सांगावं लागत नाही.

अण्णांनी वॉर्डाच्या ऑफिसात अर्ज दिला. पोच घेतली, शिक्का मारून घेतला. महिन्याने स्मरणपत्र दिलं, त्याचीही पोच घेतली. तिसऱ्या महिन्यात सदलगे एका लगेज ऑटोतून लोखंडी प्लेट घेऊन आले. पाय घसरू नये म्हणून वर नक्षी उठवलेली आठ एमएमची चेकर्ड प्लेट, खालून अँगल वेल्ड केलेले, कडा घासून गोल केलेल्या. काम देखणं होतं. "पाच मिनिटांचं काम. धरा अण्णा एक बाजू."

अण्णांनी धरली नाही. "मंडळाच्या दारात, मंडळाच्या नावानं बसवायची. म्हणजे रविवारी घ्यायला हवं."

"बरं, घ्या रविवारी," सदलगे म्हणाले आणि हसले. निकाल काय लागणार हे उघड होतं. प्लेट जिन्याखालच्या भिंतीला टेकवून ठेवली.

रविवारी डबा फिरला. अण्णांना चिठ्ठी निघाली, 'मंडळाने प्लेट बसवावी'. सदलग्यांना, 'बसवू नये'. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि हसू लागले. मग सगळीच खोली हसली. मीही हसले. कुणीतरी म्हणालं, "आज मजा आहे!" त्या क्षणी आमच्यापैकी एकाने जरी उठून म्हटलं असतं की हे चिठ्ठी टाकण्यासारखं नाही, तरी पुरलं असतं. वाचन केलेली, नोकऱ्या केलेली, संसार केलेली बावीस माणसं होतो आम्ही.

आधी अण्णा उठले. "भोक आहे," ते म्हणाले. "झाकायला हवं. प्लेट खाली आहे." आणि बसले.

"अण्णा, मन लावून बोला की ओ!" सदलगे म्हणाले. "सहा मिनिटं उरलीत तुमची."

"मन लावूनच बोललो."

सगळे पुन्हा हसले. मग सदलगे उठले. सुरुवातीची सात मिनिटं ते नेहमीसारखेच बोलले. कर भरतो तो कशाला, ऑफिसातले साहेब खुर्ची कशाला उबवतात, असं हसवणारं. मी घड्याळ बघितलं, घंटीवर हात ठेवला. तेवढ्यात त्यांचा आवाज खाली आला.

"ही प्लेट मी केलीय. चांगली केलीय. आज ही बसली की आपल्या दारातलं भोक बुजलं, आणि आपण त्याच्यावरनं चालत वर येऊन वाद घालणार. पण मागच्या गल्लीतबी भोक आहे. तिथं सदलगे न्हाई. लेथ न्हाई. तिथल्या म्हाताऱ्याचं काय? ज्याच्या ओळखीत लोहार आहे त्यानं चालायचं, बाकीच्यांनी पडायचं? आपली प्लेट बसली की आपला अर्ज मेला. आणि आपल्या अर्जाबरोबर त्या म्हाताऱ्याचाबी मेला. आपण उघड्या भोकाशी उभं राहायला पाहिजे, ते म्हाताऱ्यासाठी."

ते अण्णांचं बोलणं होतं. शब्द न शब्द नव्हे, पण वीस वर्षं अण्णा बसथांब्यावर, दवाखान्याच्या रांगेत, वर्तमानपत्राच्या टेबलाशी जे अडखळत म्हणत आले होते, ते सदलग्यांनी चार मिनिटांत असं उभं केलं की अण्णांना स्वतःला कधी जमलं नसतं. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. सात मिनिटं झाली होती. आठ झाली. मी घंटी वाजवली नाही. अकराव्या मिनिटाला ते आपणहून थांबले.

अकरा हात, आठ हात.

जिन्याखाली आल्यावर सदलग्यांनी बाह्या सरसावल्या. "चला, झाला खेळ. धरा प्लेट."

अण्णा म्हणाले, "कसला खेळ?"

"अहो अण्णा, मी प्लेटवाला. माझं मत तुम्हाला ठाऊक न्हाई व्हय?"

"तुमचं मत ठाऊक आहे. अकरा लोकांचं आत्ता कळलं. ठराव झालाय, सदलगे."

"चिठ्ठीवर झालाय तो!"

"सगळेच ठराव कुठल्या ना कुठल्या चिठ्ठीवर होतात." अण्णांचा आवाज कधी नव्हे तो कडक झाला होता. "तुम्ही जिंकलात. आता जिंकल्यासारखं वागा."

मला आजही कळत नाही की अण्णा तसे का वागले. आपलं म्हणणं इतक्या सुंदर शब्दांत ऐकल्यावर त्यांना ते सोडवेना, असं असेल. की त्या बसच्या बाईच्या गोष्टीचा जुना हिशेब होता. सदलग्यांनी एकदा तरी आपल्या शब्दाला बांधलं जावं असं त्यांना वाटलं असेल. सदलग्यांचं मात्र मला कळतं. ते दुसऱ्या दिवशी येऊन एकट्याने प्लेट टाकू शकले असते. पंख्याचा नट आवळायला त्यांना कुणाचा ठराव लागला नव्हता. पण ते जिंकले होते. आठवडाभर लोक त्यांना भेटून सांगत होते की असं भाषण मंडळात झालं नाही. प्लेट टाकली असती तर ते भाषण खोटं पडलं असतं. आयुष्यात त्यांनी कितीतरी खोटी भाषणं केली. हे एक त्यांना खरं राहायला हवं होतं.

मंडळ रोज सकाळी अण्णाच उघडत. सव्वीसाव्या दिवशी ते वर्तमानपत्रं काखेत घेऊन आले तेव्हा समोरून पदपथावरच एक स्कूटर आली. अण्णा बाजूला झाले. फांदी वाळून गेली होती आणि झाडणाऱ्यांनी ती आदल्या दिवशी काढून टाकली होती. आवाज ऐकून शिंपी धावला. खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलगा खासगी दवाखान्यात नेणार होता. अण्णांनी ऐकलं नाही. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया नीट केली, पण नंतर छातीत कफ भरला.

सातव्या दिवशी मी आणि सदलगे भेटायला गेलो. अण्णांनी डोळे उघडले आणि हळू विचारलं, "अर्जाचं काय झालं?"

काहीच झालेलं नव्हतं. आम्ही आदल्या दिवशीच वॉर्डाच्या ऑफिसात जाऊन आलो होतो. अर्ज सापडत नव्हता.

"पास झाला की," सदलगे म्हणाले. खुर्ची पुढे ओढून त्यांनी बोलायला सुरुवात केली. साहेब स्वतः आला होता. तरुण आहे, धारवाडचा. अण्णांचं अक्षर बघून म्हणाला, असा अर्ज मी नोकरीत बघितला न्हाई. मागच्या गल्लीतलंबी भोक मोजून नेलं. एकदम सगळीच फरशी बदलायची म्हणतोय. वर्क ऑर्डर निघाली. साहेब, अक्षर, धारवाड, सगळं त्यांनी तिथल्या तिथे केलं. अण्णा छताकडे बघत ऐकत होते.

"सरी," ते शेवटी म्हणाले. "बरं, सदलगे. छान बोलता तुम्ही."

बाहेर व्हरांड्यात सदलगे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. अण्णांनी विश्वास ठेवला की थाप ओळखली, हे त्यांनी मला नंतर अनेकदा विचारलं.

अण्णांचे दिवस चालू असतानाच भोकावर टाकायचा दगड आला. कुठल्यातरी वर्तमानपत्रात अण्णांच्या पडण्याबद्दल चार ओळी छापून आल्या होत्या. एका सकाळी टेंपो आला, चार माणसांनी नवी फरशी टाकली, एकाने फोटो काढला आणि अर्ध्या तासात ते गेले. सदलगे समोरच्या बाजूला उभे राहून बघत होते. मग त्यांनी रस्ता ओलांडला, फरशीवर एक पाय ठेवला. ती हलली. त्यांनी खिशातली पट्टी काढली, एका कोपऱ्याखालची फट मोजली आणि पट्टी परत ठेवली.

"किती?" मी विचारलं.

"बारा एमएम." मग फरशीवरचा पाय काढून म्हणाले, "आलं बघा, बाई, सरकार. बस आली होती तसंच."

त्यांनी ती फरशी नीट केली नाही. एक लोखंडी पाचर ठोकायची होती. त्यांच्या शेडमध्ये तशा शंभर पडलेल्या असत.

पुढच्या वर्षी मंडळाने अण्णांच्या स्मरणार्थ वादस्पर्धा ठेवली. विषय ठेवला, 'सरकारने किती करावं?' करंडक होता, बॅनर होता, बॅनरवर अण्णांचा फोटो होता. सदलग्यांनी मंडळात येणं सोडलं होतं, पण त्यांना आग्रहाने आणलं. सदलगे बोलल्याशिवाय अण्णांना श्रद्धांजली कशी, असं कुणीतरी म्हणालं, आणि म्हणणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. डबा पुढे आला. त्यांनी चिठ्ठी काढली, उघडली, मला दाखवली. 'सरकारने कमीत कमी करावं, माणसांनी आपलं आपण करावं.' त्यांची स्वतःची बाजू.

ते टेबलापाशी जाऊन उभे राहिले. मी घड्याळ लावलं.

एक मिनिट झालं. लोकांना वाटलं, भावना दाटून आल्या आहेत. दोन झाली. कुणी खोकलं, कुणी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. ते समोरच्या भिंतीकडे बघत उभे होते, हात बाजूला सोडून. चौथ्या मिनिटाला मागच्या रांगेतले दोघं फोन काढून बघू लागले. खालून शिंप्याच्या यंत्राचा आवाज येत होता. डोक्यावर पंखा फिरत होता, न हलता. सात मिनिटं झाली आणि मी घंटी वाजवली.

सदलग्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आज वेळेवर वाजवली की, बाई," ते म्हणाले.

खोलीत कुणाला ते कळलं नाही. ते जिना उतरून गेले ते पुन्हा मंडळात आले नाहीत.

त्यानंतर त्यांनी पीण्यातली शेड विकली आणि इंदिरानगरला मुलाकडे राहायला गेले. मी एकदा भेटायला गेले होते. त्या इमारतीत पाणी टँकरचं, वीज गेली तर जनरेटर, दारावर पहारा, बाग, डॉक्टर, सगळं तिथल्या लोकांनी आपलं आपण केलेलं. सदलगे जन्मभर ज्याच्या बाजूने बोलले ते तिथे सगळं होतं. आम्ही गॅलरीत बसलो. त्यांच्या खिशात पट्टी नव्हती.

"इथं बरं आहे ना, काका?"

"बरं आहे. सगळं झाकलेलं आहे." मग गेटाबाहेर बोट दाखवून म्हणाले, "त्या गेटाच्या भायेर काय आहे ते इथं कुणालाबी ठाऊक न्हाई. गाडीत बसून जात्यात, गाडीत बसून येत्यात."

"तुम्ही फिरायला जाता?"

"जातो की."

मला सोडायला ते खाली आले, आणि बस लागते तिथपर्यंत चालत आले. मी पदपथावरून चालत होते. ते पदपथ सोडून खाली रस्त्याच्या कडेने, गाड्यांना अंग चोरत चालत होते. मी दोनदा म्हटलं, वर या. त्यांनी ऐकलं नाही. एका ठिकाणी फरश्यांमध्ये फांदी उभी केलेली होती. ते थांबले, पदपथावर आले, फांदी धरून हलवून बघितली आणि ती आणखी खोल रोवली. मग हात पुसायला खिशात सुताचा गुंडा शोधला. तो नव्हता. त्यांनी हात पँटला पुसले आणि परत रस्त्यावर उतरले. बस लवकर आली. मी खिडकीतून हात केला तेव्हा ते पाठमोरे होते.

मी त्यांना बघितलं ते तेव्हाच शेवटचं.

मंडळ रविवारी अकरा वाजता उघडतं. वाद होतात, चिठ्ठ्या निघतात. आता घड्याळ फोनवर लावतात. दारातली फरशी हलते. प्लेट जिन्याखाली भिंतीला टेकून आहे, आणि घंटी माझ्या घरी आहे.